अभियंता रुमानियाचा, निर्णय कुणाचा?

रुमानिया म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच नावं आठवतात. एक ड्रॅक्युला आणि दुसरी १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये दहापैकी दहा गुण मिळवणारी नादिया कोमानेची. पण ज्याला गाड्यांचं वेड आहे त्याला तिसरंही नाव आठवायला हवं. २००७ साली महिंद्र-रेनो कंपनीने नाशिकच्या कारखान्यातून 'लोगन' नावाची गाडी बाहेर काढली. चौकोनी तोंड, ऐसपैस डिकी, मागे तिघं आरामात. २०१० मध्ये रेनो त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि पुढे तीच गाडी 'व्हेरिटो' या नावाने धावू लागली. ही लोगन मूळची रुमानियाची. मिओवेनी नावाच्या गावातल्या दाचिया कारखान्यात ती २००४ मध्ये पहिल्यांदा तयार झाली.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. गाडीबद्दल वाचता वाचता ती बनवणाऱ्या इंजिनिअरांपर्यंत पोचलो आणि मग त्यातच अडकलो! आपल्या कट्ट्यावर नोकरीची चर्चा म्हणजे किती सीट्स, किती प्लेसमेंट आणि किती पॅकेज. रुमानियातल्या इंजिनिअरने गेल्या पन्नास वर्षांत या आकड्यांची दोन्ही टोकं पाहिली आहेत. शंभर टक्के प्लेसमेंटही पाहिलं आणि डिग्री हातात घेऊन परक्या देशात मोलमजुरीही केली. पण ही सगळी गोष्ट वाचल्यावर मला वाटतं की त्याच्यापुढचा खरा प्रश्न आकड्याचा नव्हताच. मी जे काम करतोय त्याचा निर्णय कोण घेतं आणि कुठे बसून घेतं, हा तो प्रश्न.

सुरुवात एका पुलापासून करू. डॅन्यूब नदीवर चेर्नावोडा इथे रेल्वेचा पूल बांधायचा होता. १८८३ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, बाहेरच्या कंपन्यांनी आराखडे पाठवले, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी काम आलं आंगेल सालिन्यी या रुमानियन इंजिनिअरकडे. १८९५ मध्ये पूल पूर्ण झाला. पहिली गाडी वरून जाताना सालिन्यी स्वतः पुलाखाली होडीत उभा राहिला होता, अशी आठवण तिथे सांगतात. खरीखोटी कशीही असो, इंजिनिअरच्या पोराला आवडेल अशीच आहे!

मला त्याहून जास्त आवडलेली गोष्ट पुढेच आहे. त्याच सप्टेंबर महिन्यात काही इंजिनिअरांनी मिळून 'गाझेटा मातेमातिका' हे गणिताचं मासिक सुरू केलं. त्यातल्या इऑन इऑनेस्कू यांनी याच पुलावर काम केलं होतं. शाळेतल्या मुलांनी गणितं सोडवून पाठवायची आणि मासिकाने त्यांची नावं छापायची, असा प्रकार. हे मासिक आजतागायत निघतं. १९५९ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड रुमानियातच भरलं, त्यामागे ही परंपरा आहे. आणखी एक बाब आपल्या मराठी विभागासाठी मुद्दाम सांगतो. तिथे तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून सुरू झालं तेच मुळी १८१३ मध्ये, याश शहरात. गेओर्गे आसाकी यांनी जमीन मोजणाऱ्या इंजिनिअरांचा वर्ग रुमानियन भाषेत घेतला. आज याशच्या तांत्रिक विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. बुखारेस्टमध्ये १८१८ साली गेओर्गे लाझार यांनी असंच केलं. तिमिश्वाराचं पॉलिटेक्निक १९२० चं, क्लुजचं त्यानंतरचं. म्हणजे पाया जुना आणि गणिताचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि इंजिनिअर हा माणूस देशाचा हिरो झाला. चाउशेस्कूच्या काळात तर पोलाद, ट्रॅक्टर, ट्रक, जहाजं, तेल शुद्धीकरण असं सगळंच देशात बनवायचं ठरलं. निम्म्याहून अधिक विद्यार्थी तांत्रिक शाखांमध्ये होते. आपल्या गुवाहाटीची रिफायनरी १९६२ साली सुरू झाली ती रुमानियाच्याच मदतीने, हे आपल्याला क्वचितच कुणी सांगतं.

त्या काळी नोकरी मिळायची कशी, ते बघा. पद्धतीचं नाव होतं 'रेपार्तित्सिए', म्हणजे सरळ मराठीत वाटप. शेवटचं वर्ष संपलं की देशभरातल्या जागांची यादी लागायची. सगळ्या वर्षांच्या मार्कांची सरासरी काढायची आणि त्या क्रमाने एकेकाने यादीतून जागा निवडायची. पहिला आलेला पहिल्यांदा निवडणार, शेवटच्याला जे उरलं असेल ते. तीन वर्षं तिथेच काम करायचं. आपल्या कॅप राऊंडची आठवण झाली ना? फरक इतकाच की इथे कॉलेज मिळतं, तिथे आयुष्याची तीन वर्षं. बेकार कुणीच नाही. पण मोठी शहरं बाहेरच्यांसाठी 'बंद' होती. बुखारेस्टचा रहिवासी असल्याचं ओळखपत्र नसेल तर राजधानीतली जागा विसरायची. त्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बुलेतिन दे बुकुरेश्त' नावाचा विनोदी चित्रपटच निघाला. त्यातली मुलगी राजधानीत राहता यावं म्हणून एका ड्रायव्हरशी कागदोपत्री लग्न करते! विनोद असला तरी लोक हसले ते ओळखीचं दुखणं होतं म्हणूनच.

या व्यवस्थेचा चांगला भाग नाकारता येत नाही. खेड्यातला मुलगा फुकट शिकला आणि इंजिनिअर झाला. पण काय बनवायचं, किती बनवायचं, कोणत्या यंत्रावर, हे वर ठरत होतं. दाचियाचंच उदाहरण घ्या. रेनोच्या परवान्यावर १९६९ मध्ये दाचिया १३०० सुरू झाली. रेनो १२ चीच ती आवृत्ती. फ्रान्समध्ये मूळ गाडी केव्हाच बंद झाली, पण इथे तिचे भाईबंद किरकोळ बदलांनिशी २००४ पर्यंत निघत राहिले. आपली प्रीमियर पद्मिनी आठवा. पस्तीस वर्षं एकच सांगाडा! तिथल्या इंजिनिअरला काही येत नव्हतं असं मुळीच नाही. त्याला नवीन काही विचारलंच गेलं नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारात उठाव झाला आणि आठवडाभरात चाउशेस्कूची राजवट कोसळली. वाटप पद्धतही गेली. नवा इंजिनिअर आता हवं तिथे जायला मोकळा होता, फक्त जायला जागा उरल्या नव्हत्या. ज्या कारखान्यांसाठी त्याला घडवलं होतं त्यांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. ब्राशोव शहराची ओळख असलेला ट्रॅक्टरचा कारखाना रडतखडत २००७ पर्यंत चालला. आज त्या जागेवर मॉल आणि फ्लॅट आहेत. क्रायोव्हाच्या मोटार कारखान्याची कथा तर मालिका काढावी अशी. आधी सित्रोएनबरोबरची 'ओल्टचित', मग १९९४ मध्ये कोरियाची देऊ. आपल्याकडेही आलेल्या सिएलो आणि मॅटिझ तिथे बनल्या. देऊ बुडाल्यावर २००८ मध्ये फोर्ड आणि २०२२ पासून फोर्ड ओटोसान. कारखाना तोच, मालक चार. तिथे तिशीत लागलेला इंजिनिअर निवृत्त होईपर्यंत त्याचे ड्रॉइंगचे नियम चार वेळा बदलले असतील.

नोकऱ्या आटत होत्या त्याच काळात कॉलेजं मात्र फुगत होती. १९८९ मध्ये देशात सगळ्या शाखांचे मिळून सुमारे १ लाख ६५ हजार विद्यार्थी होते. २००७-०८ मध्ये ते ९ लाखांवर गेले. खाजगी विद्यापीठं निघाली, सरकारी विद्यापीठांतही बजेटच्या फुकट सीट्सबरोबर फी भरून घ्यायच्या सीट्स आल्या. वाचताना चेहरा ओळखीचा वाटतो, नाही का?

मग युरोपातल्या बोलोन्या कराराप्रमाणे २००५ च्या प्रवेशापासून पाच वर्षांची इंजिनिअरिंग पदवी चार वर्षांची झाली आणि त्यावर दोन वर्षांचं मास्टर्स. आता गणित सोपं आहे. २००४ ला पाच वर्षांसाठी घुसलेले २००९ मध्ये बाहेर पडणार. २००५ ला चार वर्षांसाठी घुसलेले, तेही २००९ मध्येच. दोन बॅचेस एकदम! आणि २००९ म्हणजे जागतिक मंदीचं वर्ष. पुढच्याच वर्षी सरकारने सरकारी नोकरांचे पगार २५ टक्क्यांनी कापले. चांगला अभ्यासक्रम केला म्हणजे झालं असं समजणाऱ्यांनी हे वर्ष जरूर अभ्यासावं. पोरांनी काही चूक केली नव्हती, त्यांचं वर्षच चुकीचं निघालं.

दोनच वर्षांनी आणखी एक धक्का बसला. बारावीच्या तोलाची जी 'बाकालोरेआ' परीक्षा, तिच्या केंद्रांवर २०११ मध्ये कॅमेरे बसले आणि कॉपीला आळा बसला. उन्हाळ्याच्या परीक्षेचा निकाल थेट निम्म्याखाली आला. जन्मदर आधीच घटलेला, त्यात पास होणारे कमी, त्यामुळे विद्यापीठांना विद्यार्थी मिळेनात. २०१४-१५ पर्यंत विद्यार्थिसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आली. आज पंचवीस ते चौतीस वयाच्या रुमानियन तरुणांमध्ये पदवीधर चारात एक इतकेही नाहीत आणि युरोपीय संघातलं हे सर्वांत कमी प्रमाण आहे. म्हणजे इंजिनिअर फार झाले अशी ओरड असलेला देश वीस वर्षांत इंजिनिअर पुरत नाहीत असं म्हणू लागला.

पुरत नाहीत याचं दुसरं कारण सीमेपलीकडे आहे. १ जानेवारी २००७ ला रुमानिया युरोपीय संघात आला. काही देशांनी रुमानियन कामगारांवर निर्बंध ठेवले होते, तेही २०१४ च्या सुरुवातीला संपले. इटली, स्पेन, जर्मनीला लाखो लोक गेले. देशाची लोकसंख्या १९९० च्या सुमारास २ कोटी ३० लाखांच्या घरात होती, २०२१ च्या जनगणनेत ती १ कोटी ९० लाख भरली. आपल्याला अमेरिकेसाठी व्हिसाची लॉटरी लागते, त्यांना बसचं तिकीट पुरतं. आपल्याकडच्या 'ब्रेन ड्रेन'च्या निबंधांत हा मुद्दा कधी येत नाही. जाणं इतकं सोपं असेल तर मागे राहणं हाही एक निर्णयच होतो, आणि त्या निर्णयासाठी घरच्या नोकरीत काहीतरी दम असावा लागतो.

तो दम कुठे असतो, हे दोन कारखान्यांवरून कळतं.

पहिला क्लुजजवळच्या झुकू गावातला. नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद केला. तिकडे केवढा गदारोळ झाला! आणि इकडे क्लुजजवळ नवा कारखाना सुरू झाला, त्यासाठी खास औद्योगिक वसाहत उभारली गेली. गावाला स्वर्ग दोन बोटं उरला. पण २०११ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की हाही बंद, उत्पादन आता आशियात. दोन हजारांहून अधिक माणसं घरी. जर्मनांच्या बाबतीत जे घडलं तेच चार वर्षांच्या आत रुमानियनांच्या बाबतीत. तिथे फोन जोडले जात होते. फोन कसा असावा हे फिनलंडमध्ये ठरत होतं. जोडणीचं काम जिथे स्वस्त तिथे जाणार, त्यात भावनेला जागा नाही. नंतर ती इमारत कॉफी यंत्रं बनवणाऱ्या इटलीच्या देलाँगीने घेतली आणि त्याच वसाहतीत बॉशही आली, म्हणून बरं.

दुसरा कारखाना मिओवेनीचा. रेनोने १९९९ मध्ये दाचिया विकत घेतली. लोगनचं मूळ डिझाइन फ्रान्समध्येच झालं. कल्पना अशी की ५ हजार युरोत गाडी द्यायची, तीही गरीब देशांसाठी. पण गाडी पश्चिम युरोपातही खपली आणि रेनोला वाटलं की हिची पुढची कामं जिथे ती बनते तिथेच करावीत. बुखारेस्टमध्ये इंजिनिअरिंग केंद्र निघालं आणि २०१० मध्ये तितू गावात चाचणी केंद्र सुरू झालं. धावपट्ट्या, इंजिनांच्या चाचण्या, हवामानाच्या खोल्या, सगळा जामानिमा. लोगन, सँडेरो, डस्टर यांच्या पुढच्या सुधारणांचं बरंच काम तिथे होऊ लागलं. २०१२ मध्ये रेनोने मोरोक्कोत टँजियरला स्वस्त कारखाना काढला तेव्हा मिओवेनीत घबराट झाली खरी, पण मिओवेनी झुकूच्या वाटेने गेलं नाही. बाकी कारणं असतीलही. मला मात्र तितूचं कारण मोठं वाटतं. ज्याच्याकडे गाडीची 'का'ची उत्तरं आहेत त्याला हलवणं कठीण, ज्याच्याकडे फक्त 'कसं जोडायचं' आहे त्याला ट्रकमध्ये भरून नेता येतं.

आता येऊ सॉफ्टवेअरकडे. त्याशिवाय आपल्या पिढीचा कोणताही लेख पुरा होत नाही म्हणे!

तिमिश्वाराच्या पॉलिटेक्निकमध्ये 'मेचिप्त-१' हा संगणक १९६१ मध्ये चालू झाला होता, विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी बनवलेला. १९७० पासून फ्रेंच परवान्यावर 'फेलिक्स' संगणक निघत होते, ऐंशीच्या दशकात स्पेक्ट्रमच्या नकला. त्यामुळे १९९० नंतर कारखाने पडले तरी गणित येणारी पोरं होतीच. तीच ती गाझेटावाली. एका रुमानियन कंपनीचं 'राव' हे अँटिव्हायरसचं तंत्र २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. बिटडिफेंडर २००१ पासून आहे, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पीसीवर असेल. बुखारेस्टमध्ये २००५ साली सुरू झालेली छोटी कंपनी पुढे यूआयपाथ झाली आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. तोपर्यंत तिचं मुख्यालयही न्यूयॉर्कला गेलं होतं. पुन्हा तोच प्रश्न, बघा.

या सगळ्याला सरकारने एक खत घातलं. २००१ पासून प्रोग्रामर लोकांना पगारावरचा इन्कम टॅक्स माफ! २००५ पासून इतरांना सरसकट १६ टक्के कर होता, म्हणजे हातात पडणाऱ्या पैशात चांगलाच फरक. सुरुवातीच्या काळात त्यासाठी कॉम्प्युटर, ऑटोमेशन, इलेक्ट्रॉनिक्स, गणित अशा ठरावीक शाखांची पदवी लागायची. हेतू चांगला होता, हुशार पोरं देशात राहावीत. आणि बरीच राहिलीही. पण माझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याने याचा अर्थ काय घ्यायचा? शेजारच्या बेंचवरचा तेवढंच शिकतो, तेवढीच मेहनत करतो, पण त्याची शाखा यादीत आणि माझी नाही. त्यात आयटीतला पगारच देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास. सिव्हिल आणि मेकॅनिकलला हुशार मुलं का मिळत नाहीत, याची बैठक मग कुणी कशाला बोलवायची? २०१९ मध्ये सरकारने बांधकाम क्षेत्रालाही करसवलत आणि वाढीव किमान वेतन दिलं. हे उशिरा लक्षात आल्याचं चिन्ह.

आणि सरकारने दिलेलं सरकारच काढून घेतं. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीची माफी महिना १० हजार लेउपर्यंतच्या पगारापुरती राहिली आणि १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण गेली. बांधकामाचीही त्याच दिवशी गेली. चोवीस वर्षं चाललेली सवलत म्हणजे एका विद्यार्थ्याच्या जन्मापासून नोकरीपर्यंतचा काळ. ती धरून ज्यांनी शाखा निवडली, कर्ज काढून फ्लॅट घेतला, त्यांचं बजेट एका वटहुकमाने बदललं. माझं मत विचाराल तर माफी जायलाच हवी होती, पण ती अशी एका रात्रीत नाही.

आजचं चित्र मिश्र आहे. तिमिश्वारा, याश, सिबियू इथे मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सची मोठी डिझाइन केंद्रं आहेत. बहुतेक जर्मन मालकीची. तिथे मेकॅनिकलचा मुलगाही सिम्युलेशन आणि एम्बेडेडमध्ये शिरतो. उलट कारखान्यांना वेल्डर, सीएनसी चालवणारा, इलेक्ट्रिशियन मिळत नाही. १९९० नंतर आयटीआयसारख्या शाळा कुणाला नकोशाच झाल्या होत्या. शेवटी ब्राशोवमध्ये २०१२ साली जर्मन कंपन्यांच्या पुढाकाराने पुन्हा तशी शाळा काढावी लागली. निम्मा वेळ वर्गात, निम्मा कारखान्यात. हात कमी पडतात म्हणून २०२२ पासून सरकार वर्षाला एक लाख परदेशी कामगारांना परवाने देऊ लागलं. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आणि भारतातूनही माणसं तिथे जातात. रुमानियन इंजिनिअर म्युनिकला आणि आपला फिटर बुखारेस्टला, असा हा खो-खो चालू आहे.

पुलाचं सांगायचं राहिलं. डॅन्यूबवर ब्राइला इथे ६ जुलै २०२३ ला नवा झुलता पूल खुला झाला. मधला गाळा तब्बल ११२० मीटरचा. बांधला इटली आणि जपानच्या कंपन्यांनी. साइटवर रुमानियन इंजिनिअर होतेच, पण आराखड्याखालची सही तिथे कुणा सालिन्यीची नाही. पुढचं मोठं काम पुन्हा चेर्नावोडालाच आहे. तिथे १९९६ आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या कँडू पद्धतीच्या दोन अणुभट्ट्या देशाची साधारण पाचवा हिस्सा वीज देतात. आपल्या तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्याही याच जड पाण्याच्या घराण्यातल्या. चेर्नावोडाची पहिली भट्टी २०२७ मध्ये उघडून नव्याने बांधायची आहे आणि तिचं कंत्राट डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडा, कोरिया आणि इटलीच्या कंपन्यांच्या गटाशी झालं आहे. बुखारेस्टच्या पॉलिटेक्निकमध्ये अणुऊर्जेची शाखा आहे. आज तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली पोरं पास होतील तेव्हा, ठरल्याप्रमाणे झालं तर, हे काम ऐन भरात असेल. त्यांच्यातल्या किती जणांच्या हाती पाना येतो आणि किती जणांच्या हाती ड्रॉइंग, ते तेव्हाच कळेल.